बदकाची जखम आणि मागच्या चाळीतला मुलगा

पाळलेल्या बदकाच्या अंगावर अचानक जखम दिसली की घरात पहिला प्रश्न येतो, 'कुणी केलं?' 'काय झालंय?' हा प्रश्न मागाहून येतो, कधी कधी येतच नाही. मांजर असेल, मुंगूस असेल, नाहीतर मागच्या चाळीतली पोरं असतील. एकदा नाव ठरलं की जखमेकडे नीट बघायला कुणाला सवड नसते. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी हेच झालं. एका मुलावर आळ आला. तो आळ पुढे गेला असता तर एका कुटुंबाची राहती खोली गेली असती. म्हणून हा लेख थोडा बदकांच्या औषधपाण्याचा आहे आणि थोडा शेजारधर्माचा.

आम्ही भिवंडीत खाडीपारला राहतो, कामवारी नदीच्या पलीकडे. सासरचं घर जुनं, कोकणी मुसलमानांची असतात तसं. पुढे पडवी, मागे अंगण, अंगणाच्या भिंतीपलीकडे चाळ आणि चाळीला लागून लूमचे कारखाने. खडखड रात्रंदिवस चालू असते. लूम बंद पडल्या तरच आमची झोपमोड होते. चाळीत बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेले कामगार राहतात आणि त्यांची मुलं मी शिकवते त्या शाळेत येतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते.

बदकं घरात आणली माझ्या सासूबाईंनी. अम्मींचं माहेर खाडीकाठच्या गावातलं, तिथे दारात बदकं-कोंबड्या असायच्याच. दोन वर्षांपूर्वी बाजारात टोपलीतली पिवळी पिल्लं दिसली आणि त्यांनी सात उचलली. इतक्या लहान पिल्लांत नर कोणता, मादी कोणती हे घेणाऱ्याला कळत नाही. मोठी झाल्यावर कळलं, तीन नर आणि चार माद्या. नराच्या शेपटीवरची एक-दोन पिसं वर वळलेली असतात आणि त्याचा आवाज घोगरा, बसल्यासारखा असतो. मोठमोठ्याने ओरडून अंगण डोक्यावर घेते ती मादी. तीन नर, चार माद्या हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुलैमध्ये दोन माद्यांच्या मानेमागची पिसं गेली. तिथे लाल कातडी उघडी पडली, मग रक्त दिसायला लागलं. आठवड्याभरात तिसरी मादी लंगडायला लागली. तिच्या पायाला, पंजाच्या जरा वर, गोल चीर होती. ब्लेड फिरवल्यासारखी. अम्मी ती बघून खालीच बसल्या. माझी नणंद त्या दिवशी घरी आली होती. ती म्हणाली, "हे जनावराचं काम नाही, माणसाचं आहे." चाळीतला एक सहावीतला मुलगा दोन-तीनदा भिंतीवर चढलेला तिने पाहिला होता. "ही माणसं अशीच," हेही तिने जोडलं. चाळीचे मालक आमच्या नात्यातले. त्यांच्या कानावर एक शब्द घालायचा अवकाश, खोली खाली करून मिळाली असती. नणंद फोन करायलाच निघाली होती. मी तिला एवढंच म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत थांब. तो मुलगा माझ्या वर्गात बसतो. दुसऱ्या दिवशी मला त्याच्यासमोर उभं राहायचं होतं.

जखम ओळखायची म्हणजे तिला तीन गोष्टी विचारायच्या. कुठे आहे, कशी आहे, आणि कोणत्या वेळी झाली.

आधी 'कुठे'. मानेच्या मागे, डोक्याच्या खाली आणि पाठीवर पिसं गेली असतील, तर बहुतेक वेळा दोषी घरचाच असतो, म्हणजे नर. जोडी लावताना नर मादीच्या मानेमागची पिसं चोचीत पकडून तिच्या पाठीवर चढतो. त्याच्या नखांचे ओरखडे पाठीवर आणि पंखाखाली बाजूला उमटतात. एका नरामागे चार-पाच माद्या असल्या तर हे फारसं जाणवत नाही. आमच्याकडे चार माद्यांमागे तीन नर होते. तिघेही त्याच त्याच माद्यांच्या मागे लागत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी मी अर्धा तास पडवीत बसून बघितलं आणि मानेच्या जखमांचा उलगडा झाला. त्यात ना मांजर होतं, ना कुणाचं पोर.

पायावर, शेपटीकडे किंवा पंखाच्या टोकाला कुरतडल्यासारखी, कडा वेड्यावाकड्या असलेली जखम असेल आणि ती सकाळी खुराडं उघडल्यावर दिसत असेल, तर उंदीर-घूस डोळ्यासमोर आणा. कोंबडी रात्री उंचावर बसते, बदक जमिनीवरच झोपतं, म्हणून त्याचे पाय उंदराच्या तोंडी सापडतात. पिल्लं तर घूस ओढून बिळात नेते. मुंगूस बहुधा मानेला आणि डोक्याला धरतं, आणि एका रात्रीत एकाहून जास्त पक्षी मारून ठेवू शकतं. कुत्र्याने धरलं असेल तर पिसं अंगणभर पसरतात, पाठ किंवा मागचा भाग फाटतो. वरून दोनच भोकं दिसली तरी आत मांस चिरडलेलं असू शकतं. कावळा पिल्लांच्या डोळ्यांवर आणि आधीच उघड्या पडलेल्या जखमेवर चोच मारतो.

मांजराची जखम सगळ्यांत फसवी. सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं, पिसांच्या खाली लपलेली. रक्तही फार येत नाही. पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात आणि ते पक्ष्याच्या रक्तात गेले की एक-दोन दिवसांत पक्षी दगावू शकतो. मांजराने नुसतं धरून सोडलं, काही झालं नाही असं वाटलं, तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काही जखमा कुणीच केलेल्या नसतात. तळपायाला गाठ आणि तिच्या मध्यावर काळी खपली दिसली, तर ती कडक जमिनीची देणगी. बदकाचा पाय चिखलासाठी आणि पाण्यासाठी बनलेला आहे. त्याला दिवसभर कोब्यावर किंवा फरशीवर चालवलं की तळव्याला बारीक चीर पडते, तिच्यातून जंतू शिरतात आणि आत पू घट्ट होऊन बसतो. ती खपली घरी उकरू नये. नवीन उगवणाऱ्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं, ते पीस मोडलं तरी भळाभळा रक्त येतं आणि आपल्याला वाटतं कुणीतरी मारलं. पावसाळ्यात शेपटीखाली घाण चिकटून राहिली तर माश्या अंडी घालतात आणि दमट उकाड्यात एका दिवसाच्या आत आळ्या वळवळायला लागतात. तीही जखम 'अचानक' झालेलीच दिसते.

पण पायाभोवतीची गोल चीर यांतल्या कशातच बसत नव्हती. दात लागले तर एका-दोन बाजूंनी लागतात. ब्लेड लागलं तर चीर एका जागी सुरू होते, एका जागी संपते. ही चीर बांगडीसारखी पूर्ण फिरलेली होती आणि तिच्या खालचा पंजा सुजून निळसर झाला होता. सूज खालच्या बाजूला, म्हणजे रक्त अडलं होतं. काहीतरी आवळलेलं होतं.

त्या संध्याकाळी मी त्या मुलाला घरी बोलावलं. 'तू काय केलंस' असं विचारलं नाही. विचारलं, "तू भिंतीवरून बघत असतोस ना, ही कधीपासून लंगडते?" तो आधी दारातच उभा राहिला. मग म्हणाला, मंगळवारपासून. आधी पाय झटकायची, मग उचलून धरायला लागली. इतकं आमच्या घरात कुणालाही सांगता आलं नसतं. अम्मींनी बदक टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं, मी मोबाइलचा उजेड पाडला. तो वाकून बघत होता. त्याने बोट न लावता दाखवलं आणि म्हणाला, "टीचर, इस में तार है."

लूमवर काम करणाऱ्या घरात 'तार' म्हणजे सुताचा धागा. त्याच्या वडिलांचा अख्खा दिवस तुटलेली तार शोधण्यात आणि जोडण्यात जातो. मुलाची नजरही तशीच तयार झाली होती. मला दिसली ती चीर, त्याला चिरेच्या तळाशी रुतलेला पॉलिस्टरचा पांढरा धागा दिसला. गल्लीतल्या कारखान्यांतला सुताचा कचरा गोणीत भरला जातो, त्यातला थोडा वाऱ्याने उडतो, थोडा पावसाच्या पाण्याबरोबर गटारातून अंगणात येतो. बदक चिखलात पाय खुपसून दिवसभर चरतं. धाग्याचा फास एकदा बसला की प्रत्येक पावलाला घट्ट होतो. सुती धागा कुजून तुटेल तरी, पॉलिस्टर तुटत नाही.

हे फक्त भिवंडीचं नाही. पॅरिसमधल्या कबुतरांच्या तुटलेल्या बोटांचा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. जिथे केस कापण्याची दुकानं जास्त, तिथल्या कबुतरांची बोटं जास्त तुटलेली आढळली. केस आणि धागे पायात गुंततात, रक्त अडतं, बोट गळून पडतं. तिथे केशकर्तनालयं, इथे लूम. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास नायलॉनचा मांजा हेच करतो. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत झाडांवर तो लटकलेला दिसतोच.

आता उपचार. आम्ही जे केलं आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते एकत्र देते.

बदकाला पाय धरून कधीही उचलू नका, त्याचे पाय आणि सांधे नाजूक असतात. दोन्ही पंख अंगाशी दाबून, पोटाखाली हात घालून उचला. टॉवेलात गुंडाळा, डोक्यावर हलका पदर टाका, अंधार झाला की ते शांत होतं. मग चोचीपासून तळव्यापर्यंत सगळं बघा. पिसांवर फुंकर मारली किंवा पाण्याचा हात फिरवला की खालची कातडी दिसते. एक जखम सापडली म्हणून थांबू नका, दुसरी असू शकते. अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका, बदकाचं तापमान मुळातच 41 ते 42 अंश सेल्सिअस असतं.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं दाबून धरा. मध्येमध्ये उचलून बघितलं की पुन्हा सुरू होतं. रक्त थांबल्यावर जखम धुवा. मेडिकलमध्ये मिळणारं सलाईन उत्तम. नसेल तर उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन, पण पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करून. हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा ओतू नका, त्याने नवं भरणारं मांसही जळतं. तेल किंवा चिकट मलम भरपूर लावलं तर पिसं एकमेकांना चिकटतात आणि पाणी अडवण्याची त्यांची ताकद जाते. अम्मींना हळद भरायची होती. डॉक्टर म्हणाले, हळदीने सगळं पिवळं होतं, मग आत पू झालाय की नाही ते दिसत नाही.

माणसाची वेदनाशामक गोळी चुरून पाण्यात घालू नका. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपली आणि 2006 साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली, हे विसरू नये. कुठलं औषध, किती थेंब, किती दिवस, हे वजन बघून डॉक्टरच सांगू शकतो.

धागा काढायचं काम आम्ही कोमट मिठाच्या पाण्यात पाय दहा मिनिटं बुडवून सुरू केलं. वरवरचा गुंता भरतकामाच्या छोट्या कात्रीने सुटला. पण एक वेढा मांसात रुतला होता, तो ओढला असता तर पाय कापला गेला असता. तो दुसऱ्या दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काढला. डॉक्टरांनी प्रतिजैविकाचं औषध दिलं आणि सांगितलं की औषध चालू असेपर्यंत आणि नंतर त्यांनी सांगितलेले दिवस तिची अंडी खायची नाहीत. भिवंडीतून एखादी मोठी केस असेल तर परळचं बाई साकराबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय आहे, तिथे पक्षीही बघतात. सरकारचा 1962 हा टोल-फ्री क्रमांकही पशुवैद्यकीय मदतीसाठीच आहे.

जखमी बदक वेगळं ठेवावं, कारण रक्त दिसलं की बाकीची तिथेच चोच मारतात. पण अगदी एकटं कोंडू नये, जाळीतून कळप दिसेल असं ठेवावं. कळपापासून तुटलेलं बदक खाणं सोडतं. जखम भरेपर्यंत डबक्यात पोहायला बंदी. मात्र पिण्याचं भांडं पूर्ण चोच आणि नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, कारण बदक नाक-डोळे पाण्यानेच साफ करतं.

शेजारच्या एका चाचांनी सुचवलं होतं, "लंगडीला जबह करून टाका, कशाला खर्च?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पायात पू झालेला, औषध चालू असलेला पक्षी खाणं तब्येतीला बरं नाही. शिवाय जिवंत राहू शकणाऱ्या जनावराचा इलाज अंगणातच असताना सुरी काढायची घाई कशाला?

एक इशारा मात्र देते. एकाच वेळी अनेक बदकं-कोंबड्या सुस्त झाली, मान वाकडी झाली, पायांवर रक्ताळलेले लाल-जांभळे डाग आले किंवा पटापट मरायला लागली, तर ती जखम नव्हे. हात लावू नका, कापू नका, विकू नका, लगेच सरकारी दवाखान्यात कळवा. फेब्रुवारी 2022 मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोळीत बर्ड फ्लू निघाला होता आणि आसपासच्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. बदक तो रोग अंगावर न दाखवताही पसरवू शकतं.

आमच्या लंगडीचं एक बोट वाचलं नाही. ते काळं पडून सुकलं आणि तीन आठवड्यांनी गळून पडलं. बाकीचा पाय भरून आला. आता ती थोडी वाकडी चालते, पण चालते. तीनपैकी दोन नर अम्मींनी माहेरच्या गावी पाठवले, तिथे माद्या भरपूर आहेत. महिनाभरात माद्यांच्या मानेवर नवी पिसं आली. खुराड्याला जुनी कोंबडीची जाळी होती, तिच्यातून घूस सहज शिरली असती, म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवली. अंगणात पाणी येतं त्या तोंडाशीही एक जाळी लावली आहे. तिच्यावर रोज मूठभर धागे अडकतात.

नणंदेने त्या कुटुंबाची माफी मागितली नाही. मागायची वेळच आली नाही, कारण आळ घराच्या भिंतीबाहेर गेलाच नव्हता. त्या मुलाला आजही माहीत नाही की दोन दिवस त्याच्या घराचं काय होणार होतं. मला हे बरंही वाटतं आणि जडही जातं. भिवंडीत आम्ही कोकणी आणि हे लूमवाले पिढ्यान् पिढ्या एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. एकाच मशिदीत नमाज पढतो. तरी अंगणात काही बिघडलं की बोट आधी भिंतीपलीकडे जातं. त्या मुलाने तार ओळखली नसती, किंवा तो माझ्या वर्गात नसता, तर मी नणंदेला थांबवलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते. उत्तर 'हो' असायला हवं.

बदकं पाळणाऱ्यांना शेवटचं सांगणं. घरात एक वही ठेवा. जखम कधी दिसली, शरीरावर कुठे, लांबी-रुंदी किती, सकाळी की संध्याकाळी, आदल्या दिवशी काय वेगळं झालं होतं, एवढं लिहा आणि फोटो काढून ठेवा. डॉक्टरला त्यातून निम्मं काम मिळतं. आमच्या वहीत आता एक रकाना जास्त आहे, 'कुणी काय पाहिलं'. तो सध्या मागच्या चाळीतला मुलगा भरतो. हिंदी-उर्दूत सुरुवात केली होती, आता मराठीत लिहायला लागला आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, पण तारीख-वार अचूक असतो.